सेप्टल अ‍ॅब्लेशनला ‘उच्छेदन’ म्हणावं का?

प्रश्न कोथरूडच्या एका वाचकाचा आहे. वडिलांच्या हृदयातला पडदा जाड झालाय, रक्त बाहेर पडायला अडथळा होतो, म्हणून ‘अल्कोहोल सेप्टल अ‍ॅब्लेशन’ सुचवलंय. संमतिपत्राच्या मराठी प्रतीत त्याला ‘मद्यार्क पटल उच्छेदन’ म्हटलंय. आजी विचारतेय, “हृदयात दारू सोडणार?” तर हा शब्द योग्य आहे का?

आधी आजींचं. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषधच. आपल्या ‘दवादारू’त तो अर्थ अजून शिल्लक आहे. तरी इथे ‘मद्यार्क’च बरा, कारण वापरतात ते जवळजवळ शुद्ध इथेनॉल, तेही साधारण १ ते ३ मिलिलिटर.

‘पटल’ मात्र मला खटकतं. नेत्रपटल म्हटलं की पातळ पापुद्रा डोळ्यांपुढे येतो. इथे आहे ती स्नायूची भिंत, आणि या विकारात ती बहुधा १५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड झालेली असते. शेजारच्या मायट्रल झडपेचं पाळंही तिच्याकडे ओढलं जातं आणि महाधमनीकडची वाट अरुंद होते. कसब्यातल्या जुन्या वाड्यांत दोन खोल्यांमध्ये विटांची ‘पडदी’ घालत, तो शब्द इथे चपखल बसतो. पण रुग्णालयात सगळे ‘पडदा’च म्हणतात, त्यामुळे माझा फार आग्रह नाही.

आग्रह आहे तो ‘उच्छेदन’ नको असा. अ‍ॅब्लेशनचं लॅटिन मूळ ‘काढून नेणे’ असं आहे, म्हणून कोणीतरी कोशातून हा शब्द उचलला असणार. उच्छेदनात छिद् धातू आहे, म्हणजे कापणं आलं. इथे कापत काहीच नाहीत. धमनीतून बारीक नळी नेतात, पडद्याला रक्त पुरवणाऱ्या छोट्या फांदीत फुगा फुगवून तिची मागची वाट बंद करतात आणि पुढे मद्यार्क सोडतात. तेवढा स्नायू जागच्या जागी मरतो. मुद्दाम घडवलेला छोटा हार्ट अटॅकच म्हणा. मग तिथे व्रण होतो, आणि पुढच्या काही महिन्यांत भिंत आक्रसून पातळ होते. उलरिक सिगवार्ट यांनी लंडनमध्ये १९९४ साली हे पहिल्यांदा केलं.

याच आजारावर खरोखरचं उच्छेदनही आहे: मायेक्टमी. त्यात छाती उघडून जादा स्नायू कापून काढतात. ती १९६०च्या दशकापासून रुळलेली शस्त्रक्रिया. रुग्णाला निवड करायची असते ती बऱ्याचदा या दोहोंतच, आणि संमतिपत्र दोन्हींना एकच शब्द लावू लागलं तर त्याने निवडायचं काय? म्हणून मायेक्टमीला ‘उच्छेदन’ ठेवा, याला ‘क्षपण’ म्हणा. क्षपणात क्षीण करणं आहे, कापणं नाही. ‘पडद्याचे मद्यार्क-क्षपण’. बोजड आहे खरं, पण दिशाभूल करत नाही. ठोके अनियमित पडतात तेव्हाही ‘अ‍ॅब्लेशन’ करतात. तिथे बहुतेक वेळा उष्णतेने डागतात किंवा गोठवतात. नातेवाइकांनी नुसतं ‘अ‍ॅब्लेशन आहे’ सांगितलं की ऐकणारा बहुधा तेच समजतो.

घरात बोलताना अर्थातच ‘अल्कोहोल अ‍ॅब्लेशन’ म्हणा. आजींना सांगा, “जाड झालेला स्नायू थोडा मारून वाट मोकळी करणार.”

जाता जाता, न विचारलेल्या एका शब्दाबद्दल. डॉक्टर ‘हार्ट ब्लॉक होऊ शकतो’ म्हणतील. आपल्याकडे ‘ब्लॉक’ म्हणजे धमनीतली गाठ, अँजिओप्लास्टी, असंच डोक्यात बसलंय. इथला ब्लॉक वेगळा: ठोक्याचा विद्युत संदेश पडद्यातून खाली जातो, तोच अडतो. सुमारे दहातल्या एकाला त्यासाठी कायमचा पेसमेकर बसवावा लागतो. संमतिपत्रात तिथे ‘विद्युतवहनातील अडथळा’ असं लिहिलंय का, तेवढं बघून घ्या.