यहोशवाची हिंमत आणि फारोचा हट्ट

प्रिय आयुष्मती,

अनेक आशीर्वाद.

मोशेनंतर इस्राएल लोकांचा पुढारी झालेल्या यहोशवाला ‘खंबीर हो, हिंमत धर’ असे पुन्हा पुन्हा सांगणारे बायबल, इस्राएल लोकांना दास्यातून सोडायला नकार देऊन देवाच्या दहा पीडा ओढवून घेणाऱ्या मिसरच्या राजाच्या, म्हणजे फारोच्या, मनाच्या खंबीरपणाला दोष का देते, असे तू विचारले आहेस. मूळ हिब्रू पाहिल्यास प्रश्न आणखी बिकट होतो. फारोच्या कथेत मन ‘जड’ वा ‘कठीण’ झाल्याचे शब्द आहेतच, पण अनेकदा तिथे यहोशवाला सांगितलेल्या ‘खंबीर हो’ यामागचाच ह-झ-क हा धातू वापरला आहे. ‘हिंमत धर’ यामागचा अ-म-त्स हा धातूही, हेशबोनचा राजा सीहोन इस्राएलाला वाट नाकारतो तेव्हा बायबलमधील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात त्याच्या मनाविषयी येतो. मनाचे बळ एकच आहे, असे या शास्त्राचे म्हणणे मला दिसते. ते बळ ऐकणाऱ्याचे आहे की कान बंद केलेल्याचे, एवढाच प्रश्न उरतो.

यहोशवाला हिंमत धरायला सांगताना लगेच पुढे, नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन कर आणि त्यापासून उजवीडावीकडे वळू नकोस, असे बजावले आहे. फारोचे पहिलेच उत्तर मात्र ‘ज्याचे मी ऐकावे असा हा परमेश्वर कोण?’ असे आहे. तिसऱ्या पीडेच्या वेळी त्याचेच जादूगार ‘यात देवाचे बोट आहे’ असे सांगतात, पुढे त्याचेच सेवक ‘मिसर देशाचा नाश झाला, हे अजून आपल्याला कळत नाही का?’ असे विचारतात, तरी तो बधत नाही. बेडकांच्या पीडेचा प्रसंग विशेष लक्षपूर्वक वाच, कारण तिथे फारो संकटात नमतो आणि जरा उसंत मिळाल्याचे पाहताच पुन्हा मन जड करतो. मला त्यात धैर्याचा लवलेशही दिसत नाही.

सहाव्या पीडेच्या, म्हणजे गळवांच्या, वेळी ‘परमेश्वराने फारोचे मन कठीण केले’ असे वाक्य येते, आणि मग फारोचा दोष तो काय, हा तुझा आक्षेप उभा राहतो. बाराव्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञ रामबाम (मायमोनिडीस) यांच्या मते, स्वेच्छेने केलेल्या पापाची शिक्षा म्हणून पश्चात्तापाची वाट अडवली जाऊ शकते. सोळाव्या शतकातील इटलीचे भाष्यकार स्फोर्नो यांचे म्हणणे वेगळे आहे: देवाने फारोला पीडा सोसण्याचे बळ दिले, ते अशासाठी की त्याने शरण यायचे तर खऱ्या पश्चात्तापाने यावे, केवळ वेदनेला भिऊन नव्हे. मला स्फोर्नोंचे म्हणणे अधिक पटते, कारण त्यात बळ हे दानच राहते आणि त्याचा वापर फारोच्या हाती उरतो.

याची दुसरी बाजूही पाहा. अनुवादाच्या विसाव्या अध्यायात कोमल मनाच्या माणसाला रणांगणावरून घरी पाठवायला सांगितले आहे, कारण त्याच्यामुळे इतरांचेही मन खचेल. परंतु राजे या ग्रंथात योशीया राजाने सापडलेल्या नियमशास्त्राचे वाचन ऐकून वस्त्रे फाडली, तेव्हा हुल्दा संदेष्ट्रीने त्याच्या याच कोमल मनाची वाखाणणी केली. आणि ज्यांची कपाळे कठोर आहेत अशा लोकांकडे जाण्यासाठी यहेज्केल संदेष्ट्याचे कपाळ देवाने गारगोटीहून कठीण केले. पण त्याआधी त्याला देवाचा संदेश लिहिलेली गुंडाळी खायला लावली, म्हणजे जे बोलायचे ते आधी त्याच्या पोटात गेले.

तुझ्यासारख्या भल्या मनाच्या माणसाला फारोपेक्षा अनुवादाचा पंधरावा अध्याय अधिक जाचेल. तिथे गरीब भावाविषयी मन कठीण करू नकोस, असे सांगताना पुन्हा तोच अ-म-त्स धातू येतो. आणि कर्जमाफीचे सातवे वर्ष जवळ आले आहे या हिशेबाने उसने देण्यास नकार देणे, हे त्या कठीणपणाचे उदाहरण म्हणून दिले आहे. असा हट्ट शहाणपणाच्या वेशात येत असल्यामुळे तो स्वतःत ओळखणे अवघड असते.

फारोची कथा सांगणाऱ्या ‘निर्गम’ या ग्रंथाचे सात ते चौदा हे अध्याय आता एका बैठकीत वाच, आणि मन कोणी कठीण केले याची प्रत्येक ठिकाणी समासात नोंद कर. सातव्या पीडेनंतरची नोंद तुला चकित करील. ती पाहिल्यावर स्फोर्नोंविषयी तुझे मत काय झाले, ते मला कळव.

तुझा शुभचिंतक