गाडी विकली, पण फोनमधली नावं गाडीतच राहिली

प्रश्न : मी इंदूरला सुदामा नगरात राहते. दिवाळीनंतर आम्ही आमची जुनी गाडी सेकंडहँड गाड्यांच्या एका डीलरला विकली. नाव ट्रान्सफर करून देण्याचे म्हणून त्याने किमतीतून साडेतीन हजार रुपये कापले आणि फॉर्मांवर माझ्या सह्या घेतल्या. गाडीत आम्ही बाहेरून नेव्हिगेशनचा अँड्रॉइड स्क्रीन बसवून घेतला होता. माझा आणि यजमानांचा फोन त्याला ब्लूटूथने जोडलेला होता. गाडी देताना ते पुसायचं सुचलंच नाही. महिन्याभरापासून एका अनोळखी नंबरवरून मला मेसेज येताहेत. पहिला होता, ‘मॅडम, आपकी गाडी अब मेरे पास है, इसमें आपका घर सेव्ह है’. मग ‘पास ही रहता हूँ, चाय पिलाइए’ असं सुरू झालं. मी एकदाही उत्तर दिलं नाही. नंतर पुण्याला आईला आणि देवासला काकूंना त्याचे फोन गेले, माझी चौकशी करत होता. परवा संध्याकाळी आमचीच गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती, मागच्या काचेवरचं गणपतीचं स्टिकरसुद्धा तसंच. यजमान म्हणतात, जाऊन दोन ठेवून देतो. मला वाटतं, डेटा आपणच ठेवला, पोलीस मलाच बोलतील. आरसीवर अजून माझंच नाव दिसतं. तो डेटा त्याला पुसायला लावता येईल का? आणि काकूंचं वय झालंय, त्यांना ठाण्यात यावं लागेल का?

उत्तर : ताई, डेटा तुम्ही ठेवला म्हणून दोष तुमचा, हे आधी मनातून काढून टाका. गाडी विकताना स्क्रीन पुसायचा राहिला, याचा अर्थ तुमच्या आईला फोन करायची किंवा तुमच्या गल्लीत येऊन उभं राहायची परवानगी तुम्ही दिली असा कोणताही कायदा मानत नाही. ठाण्यात कुणी तसं सुचवलंच, तर ‘माझी तक्रार त्याच्या वागण्याबद्दल आहे’ एवढंच म्हणा आणि पुढे बोला.

आता एक काम हे वाचून झाल्याबरोबर करा. तुमच्या आणि यजमानांच्या फोनमध्ये ब्लूटूथच्या यादीत त्या स्क्रीनचं नाव अजून असेल. एकदा जोडणी झाली की दोन्ही उपकरणं एकमेकांची ओळख जपून ठेवतात. स्क्रीन चालू असेल, तुमच्या फोनचं ब्लूटूथ चालू असेल आणि अंतर दहा-एक मीटरच्या आत असेल, तर कुणालाही न विचारता जोडणी पुन्हा होऊ शकते. म्हणजे गाडी तुमच्या फाटकाशी आली, तर नवी कॉल यादी तिच्यात उतरू शकते, इतकंच काय, तुम्हाला आलेला फोन त्या गाडीच्या स्पीकरवर वाजू शकतो. म्हणून दोन्ही फोनमधून ते नाव काढून टाका. त्याआधी त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, स्क्रीनचं नाव पुढे उपयोगी पडेल.

यामुळे पुढची जोडणी तुटेल, पण आधी उतरलेलं पुसलं जाणार नाही. पहिल्यांदा फोन जोडला तेव्हा ‘कॉन्टॅक्ट आणि कॉल हिस्टरी शेअर करू का’ असा प्रश्न आला असेल आणि आपण सगळेच करतो तसं तुम्ही ‘हो’ दाबलं असेल. त्याच क्षणी नावं आणि नंबर यांची नक्कल तिकडे गेली. कंपनीकडून येणाऱ्या बऱ्याच सिस्टीममध्ये तो फोन जोडलेला असतानाच यादी दिसते, पण बाहेरून बसवलेल्या स्क्रीनमध्ये ती मेमरीत तशीच पडून राहू शकते. नकाशात ‘घर’ म्हणून टाकलेला पत्ता तर फोन असो-नसो, तिथेच राहतो.

आता एक गोष्ट आठवून पाहा, कारण कायद्याच्या दृष्टीने तिथे फरक पडतो. त्या स्क्रीनवर प्ले स्टोअरसाठी किंवा नकाशासाठी तुम्ही तुमचं गूगल खातं उघडलं होतं का? उघडलं असेल, तर फोनमधल्या खात्याच्या सेटिंगमध्ये ‘तुमची उपकरणं’ असं पान मिळेल. तिथे तो स्क्रीन दिसला, तर त्याचाही स्क्रीनशॉट घ्या, मग तिथूनच साइन आउट करा आणि पासवर्ड बदला.

फरक असा. ब्लूटूथने उतरलेली यादी ज्या यंत्रात आहे, ते यंत्र गाडीबरोबर विकलं गेलं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ४३ परवानगीशिवाय संगणकातली माहिती काढण्याबद्दल आहे, आणि ते संगणकाच्या मालकाच्या परवानगीवर उभं आहे. समोरचा वकील पहिल्याच दिवशी विचारेल, ‘स्क्रीन कुणाचा?’ हा मुद्दा आपल्या बाजूने कच्चा आहे, आणि कच्च्या मुद्द्यावर तक्रार उभी करू नये. खातं मात्र विकलेलं नाही, ते तुमचंच आहे. गाडी दिल्यानंतर त्याने ते वापरल्याचं दिसलं, तर याच कायद्याच्या कलम ६६ खाली तपास मागता येतो. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा इथे जवळचा वाटेल, पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. शिवाय एखाद्याने खाजगी, घरगुती कामासाठी माहिती वापरली, तर तो कायदा त्याला लागूच नाही. त्यात वेळ घालवू नका.

तुमची खरी बाजू भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. स्त्रीचा पाठलाग करणं आणि तिने स्पष्ट नाही म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं, हा तिथे गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तपासासाठी कोर्टाची परवानगी लागत नाही. पहिल्या वेळी तो जामीनपात्र आहे, तेव्हा तो माणूस लगेच आत जाऊन बसेल अशी आशा धरू नका. मेसेज आहेत, नातेवाइकांना फोन आहेत आणि आता गाडी दारापर्यंत आली आहे. संपर्क आणि पाठलाग, दोन्ही झालं. एकच दुवा कमी आहे, तो म्हणजे तुमचा स्पष्ट नकार. तुम्ही गप्प राहिलात, ते साहजिकच होतं, पण गप्प राहण्याचा अर्थ बचावाचा वकील आपल्या सोयीने लावतो. म्हणून त्याच नंबरवर एकदाच, त्याला कळेल अशा भाषेत लिहा : ‘मुझे आपसे किसी भी प्रकार का संपर्क नहीं रखना है. मुझे या मेरे परिवार में किसी को फोन या मैसेज न करें और मेरे घर के आसपास न आएँ. इसके बाद मैं पुलिस में शिकायत करूँगी.’ बस. शिवी नको, वाद नको, ‘माझा नंबर कुठून मिळाला’ हा प्रश्नही नको. त्यानंतर काहीही आलं तरी उत्तर द्यायचं नाही. तक्रार नोंदवून होईपर्यंत नंबर ब्लॉकही करू नका, नुसता म्यूट करा. आणखी मेसेज यावेत म्हणून थांबायचं मात्र नाही. तो दारापर्यंत आलाय, तेव्हा नकार पाठवा आणि दुसऱ्या दिवशी ठाण्यात जा. गाडी पुन्हा गल्लीत दिसली, तर बाहेर न पडता ११२ ला फोन करा.

पुराव्याचं म्हणाल, तर नंबर, तारीख आणि वेळ एकत्र दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या, पण मूळ मेसेज त्या फोनमध्येच राहू द्या आणि तो फोन विकू-बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं होतं. आईंना आणि काकूंना सांगा, त्याच्या फोनची नोंद पुसू नका. गल्लीत कुणाकडे कॅमेरा असेल तर त्या संध्याकाळचं चित्रण आजच मागून घ्या. हे सगळ्यात आधी नाहीसं होतं, कारण बहुतेक यंत्रं काही दिवसांनी जुन्यावरच नवं रेकॉर्ड करतात.

ठाण्यात अर्ज हिंदीत द्या. आपल्याकडे सगळी लिखापढी हिंदीतच चालते, आणि मराठीतून मनातल्या मनात भाषांतर करत बोललं की अर्धं राहून जातं. घरीच शांतपणे दोन पानं लिहा, तारखा क्रमाने घाला, पोच घेतल्याशिवाय उठू नका. कलम ७८ च्या तक्रारीत माहिती देणारी स्वतः पीडित स्त्री असेल, तर जबानी महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे पोलीस-कोर्टाची कार्यपद्धती ठरवणाऱ्या कायद्याच्या, कलम १७३ मध्ये आहे. तसं नम्रपणे पण ठामपणे मागा, ठाण्यातल्या ऊर्जा महिला डेस्कवर, म्हणजे महिलांसाठीच्या मदत कक्षात, विचारा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ‘आवेदन रख लिया है, देखते हैं’ असं उत्तर आलं, तर ते कशात बसतं हे तुम्हाला ठाऊक हवं. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात डीएसपीच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करता येते, पण ती चौदा दिवसांत संपवावी लागते. त्यापुढे टोलवाटोलवी झाली, तर लेखी अर्ज वरिष्ठांकडे पाठवा. इंदूरला २०२१ च्या डिसेंबरपासून कमिश्नर पद्धत आहे, तेव्हा आपल्या भागाच्या डीसीपींकडे. तिथेही काही झालं नाही, तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं.

डेटा पुसायला लावता येईल का, असं विचारलंत. येईल, पण आत्ता मागू नका. तुमच्या फोनचं नाव, काकूंचा नंबर, ‘घर’ म्हणून टाकलेला तुमचा पत्ता, हे सगळं त्या स्क्रीनवर आहे तोवरच त्याला नंबर कुठून मिळाले हे सिद्ध होतं. डीलरला किंवा त्याला ‘फॅक्टरी रीसेट करा’ अशी नोटीस गेली, तर तो आनंदाने करेल. अर्जातच लिहा की तपास अधिकाऱ्यांनी स्क्रीनवरची जोडलेल्या फोनची यादी, कॉन्टॅक्ट आणि सेव्ह केलेली ठिकाणं यांचा पंचनामा करून चित्रण करावं. स्क्रीन किंवा गाडी जप्त झाली आणि पुढे ती सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्टाच्या अटी लिहून देऊन, सोडवायची वेळ आली, तर स्क्रीन पुसूनच परत द्यावा अशी अट घालण्याची विनंती कोर्टाला करता येईल.

यजमानांना माझा निरोप द्या. त्यांचा संताप मला समजतो, माझ्या घरात असं झालं असतं तर मलाही शांत राहणं जड गेलं असतं. पण त्यांनी हात उचलला की त्याच दिवशी क्रॉस केस होईल, आणि आज जो आरोपी आहे तो उद्या पट्टी बांधून फिर्यादी होईल. गाडी गल्लीत उभी असलेली त्यांनीही पाहिली असेल, तर ते तुमचे साक्षीदार आहेत. आणखी एक. कुणीतरी सल्ला देईल, ‘आरसी तुमच्या नावावर आहे ना, गाडी उचलून आणा किंवा चोरीची तक्रार द्या’. असं अजिबात करू नका. गाडी तुम्ही विकली, पैसे घेतले. खोटी तक्रार दिलीत तर तुमची खरी तक्रारही बुडेल.

आरसीचं दुखणं वेगळं आहे आणि तितकंच तातडीचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईला तोच मालक. म्हणजे उद्या या माणसाने कुणाला उडवलं, तर दावा तुमच्या नावाने येईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर चौदा दिवसांत विकणाऱ्याने आरटीओला कळवायचं असतं, आणि फॉर्म २९ त्यासाठीच आहे. डीलरने सह्या घेऊन तो दडपून ठेवला असणार. फॉर्म कोरेच होते ना? मला दरवेळी याच गोष्टीचा राग येतो. विकणाऱ्याची सही कोऱ्या फॉर्मवर घ्यायची आणि नवा मालक ठरेपर्यंत कागद खणात टाकायचा, हा या धंद्यातला नेहमीचा प्रकार आहे. १ एप्रिल २०२३ पासून अशा डीलरना आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि गाडी त्यांच्या ताब्यात गेल्याची सूचना फॉर्म २९-सी मध्ये द्यावी लागते. तुमच्या डीलरकडे ते अधिकारपत्र आहे का, हे लेखी विचारा. तुम्ही मात्र त्याच्या उत्तराची वाट न पाहता नायता मुंडल्याच्या आरटीओत विक्रीची लेखी सूचना द्या. सोबत पैसे मिळाल्याचा बँकेचा उतारा आणि डीलरची पावती जोडा. उशिराबद्दल दंड लागला तर भरा.

एरवी गाडी विकणारा डीलरचा ग्राहक ठरत नाही. पण नाव ट्रान्सफर करून देण्याचे साडेतीन हजार त्याने कापले, आणि तेवढ्या सेवेपुरत्या तुम्ही ग्राहक आहात. ती रक्कम पावतीवर लिहिलेली असेल, तर पंधरा दिवसांची नोटीस द्या आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जा. दोन वर्षांची मुदत आहे. सेवेसाठी मोजलेले पैसे पाच लाखांच्या आत असले की फी लागत नाही. याच नोटिशीत गाडी कुणाला, कोणत्या तारखेला दिली हे विचारा. ते उत्तर पोलिसांच्याही कामी येईल.

काकूंची काळजी करू नका. साक्षीदार स्त्रीला तिच्या राहत्या घराखेरीज दुसरीकडे चौकशीला यायला पोलीस भाग पाडू शकत नाहीत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये हे आहे, आणि साठीच्या पुढच्या माणसांनाही ही सवलत आहे. पोलिसांना त्यांची जबानी हवी असेल तर ते देवासला त्यांच्या घरी जातील, आईंसाठी पुण्याला. दोघींनी एवढंच करायचं. फोन कधी आला आणि तो काय म्हणाला, हे आठवतंय तोवर कागदावर लिहून खाली तारीख घालून ठेवायचं.