डोसच्या आकड्यासोबत हिशेबही लिही

प्रिय,

अनेक उत्तम आशीर्वाद. कॅन्सरच्या रेडिएशन उपचारांच्या ट्रायलवर (रुग्णांवरच्या चाचणीवर) डोसचा हिशेब बघणारा फिजिसिस्ट म्हणून तुझी नेमणूक झाल्याचं कळलं, फार बरं वाटलं. लवकरच डोसचा फॉर्म तुझ्यापुढे येईल. त्यात नुसतं ‘६० ग्रे’ (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं एकक) लिहून मोकळं होऊ नकोस.

अमेरिकेतली आरटीओजी ०२३६ ही ट्रायल बघ. सुरुवातीच्या टप्प्यातला फुप्फुसाचा कॅन्सर, तीन फ्रॅक्शन, म्हणजे डोस तीन वेळा विभागून. प्रोटोकॉलमध्ये ६० ग्रे होते, पण हिशेब करताना सगळं शरीर पाण्याइतकं घन धरलं होतं. फुप्फुसाची घनता पाण्याच्या साधारण पाव ते एक तृतीयांश. तिथे किरणांनी सुटलेले इलेक्ट्रॉन दूरवर पांगतात आणि गाठीच्या कडेला डोस कमी पडतो. घनता धरून पुन्हा हिशेब केला, तर तोच उपचार ५४ ग्रेच्या आसपास भरला. २०१० साली निकाल छापले तेही १८ ग्रेचे तीन फ्रॅक्शन असेच. म्हणजे जुना प्रोटोकॉल वाचून कुणी घनता धरणाऱ्या आजच्या अल्गोरिदमवर (हिशेबाच्या पद्धतीवर) ६० ग्रे दिले, तर रुग्णाला दहाएक टक्के जास्त डोस जाईल. फुप्फुसाच्या मध्यभागी, मोठ्या श्वासनलिकेजवळ गाठ असेल तर हे फार महागात पडू शकतं.

म्हणून टीपीएसचं (उपचाराचा प्लॅन करणाऱ्या सॉफ्टवेअरचं) व्हर्जन, अल्गोरिदम, डोस मोजायच्या बिंदूंचा ग्रिड किती मिलिमीटरचा, डोस पाण्यातला की प्रत्यक्ष ऊतीतला, हे सगळं लिही. ‘पीटीव्हीला ९५ टक्के’ असं मोघम तर कधीच लिहू नकोस (पीटीव्ही म्हणजे गाठ आणि तिच्याभोवती राखलेली जागा). ९५ टक्के डोस की ९५ टक्के घनफळ? डोस नोंदवण्याच्या आयसीआरयू ८३ या आंतरराष्ट्रीय अहवालाप्रमाणे डी५०, डी९८ आणि डी२, म्हणजे घनफळाच्या ५०, ९८ आणि २ टक्के भागाला किमान मिळालेला डोस, असे तिन्ही आकडे दे. अवयवांची नावं टीजी-२६३ या प्रमाणित नावांच्या यादीप्रमाणे ठेव, नाहीतर पन्नास केंद्रांनी पॅरोटिड (कानाजवळच्या लाळेच्या) ग्रंथींना दिलेली वेगवेगळी नावं कुणाला तरी हाताने जुळवत बसावं लागतं.

हा काटेकोरपणा कशासाठी, ते ट्रॉग ०२.०२ या ट्रायलने दाखवलं. डोक्या-मानेच्या कॅन्सरचे ८६१ रुग्ण त्यात होते. सुरुवातीपासून प्रोटोकॉलप्रमाणे उपचार झालेल्यांपैकी दोन वर्षांनी ७० टक्के हयात होते. प्लॅनमध्ये गंभीर त्रुटी राहिलेल्यांपैकी ५० टक्के. तपासायचं होतं एका नव्या औषधाला. त्याचा फायदा काही दिसला नाही, पण रेडिएशनच्या दर्जाने पडलेला फरक एवढा मोठा होता.

आणखी एक. प्लॅन मंजूर झाला की त्याच दिवशी सीटी, कॉन्टूर (गाठ आणि अवयवांच्या आखलेल्या कडा), प्लॅन आणि डोस या चारही फाइल डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या प्रमाणित फॉरमॅटमध्ये एकत्र काढून ठेव. टीपीएस अपग्रेड झालं की जुना हिशेब जसाच्या तसा परत मिळेलच असं नाही.