लीनची मुदत संपली, तरी बोजा हटेना

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात, सनीवेलला राहतो. स्वयंपाकघराच्या नूतनीकरणावरून कॉन्ट्रॅक्टरशी वाजलं. कॅबिनेटची दारं धड लागत नव्हती म्हणून मी शेवटचा हप्ता रोखला. त्याने १२ मार्च २०२५ला घरावर १८,४०० डॉलरचा मेकॅनिक्स लीन, म्हणजे कामाच्या थकलेल्या पैशांसाठीचा बोजा, नोंदवला. आता रिफायनान्ससाठी (जुन्या गृहकर्जाच्या जागी नवं घ्यायला) गेलो तर टायटल कंपनी, म्हणजे घराची मालकी आणि बोजे तपासणारी कंपनी, अडून बसली आहे. कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाही. घरचे म्हणतात, पैसे फेका आणि सुटा. डिसेंबरात महिनाभर पुण्याला जायचं आहे. काय करावं?

उत्तर : पैसे फेकायची घाई नको. आधी तारीख बघा. कॅलिफोर्नियात लीन नोंदवल्यापासून ९० दिवसांत कॉन्ट्रॅक्टरने वसुलीचा दावा लावावा लागतो. तुमच्या बाबतीत ही मुदत १० जूनला संपली. दावा नसेल तर लीनमध्ये आता जीव नाही. पण काउंटी रेकॉर्डरच्या, म्हणजे मिळकतीच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, दप्तरातून तो आपोआप निघत नाही. सातबाऱ्याचंही तसंच ना, कर्ज फिटलं तरी फेरफार होईपर्यंत बोजा दिसतच राहतो.

म्हणून पहिलं काम, सांता क्लारा काउंटीच्या सुपीरियर कोर्टात तुमच्या आणि त्याच्या नावाने दावा शोधा. समन्स आलं नाही म्हणजे दावा नाही, असं धरून चालू नका. रेकॉर्डरकडे मुदतवाढीची नोंद आहे का तेही पाहा. ती तुमच्या संमतीशिवाय होत नाही, पण वादाच्या भरात कसल्या कागदावर सही केली होती का, एवढं आठवून बघा.

दोन्हीकडे काही नसेल तर सिव्हिल कोडच्या कलम ८४८०खाली लीन काढण्याचा अर्ज करता येतो. त्याआधी किमान १० दिवस ‘लीन काढून घ्या’ अशी लेखी नोटीस द्यावी लागते. ही पायरी लोक हमखास गाळतात. ‘मी व्हॉट्सअ‍ॅपवर दहादा सांगितलं’ हे कोर्टात सांगून भागत नाही. नोटीस सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह पाठवा. पत्ता करारातला किंवा राज्याच्या कॉन्ट्रॅक्टर लायसन्स बोर्डाच्या नोंदीतला घ्या. पाकीट स्वतः टाकू नका. या प्रकरणात पक्षकार नसलेल्या प्रौढ माणसाकडून पाठवून नोटीस टाकल्याचं त्याचं सही केलेलं निवेदन जवळ ठेवा. बोर्डाच्या साइटवर जाताच आहात तर कामाच्या काळात लायसन्स चालू होतं का, तेही बघून घ्या. नसेल तर त्याला बिल मागायचाच हक्क उरत नाही.

अर्जाला लीनची प्रमाणित प्रत जोडा आणि मिळकतीचं कायदेशीर वर्णन डीडवरून (खरेदीखतावरून) जसंच्या तसं उतरवा. नोटीस दिल्याचं, दावा प्रलंबित नसल्याचं आणि दिवाळखोरीचा अर्ज आहे की नाही ते लिहा. सुनावणी ३० दिवसांच्या आत लावायची, पुढे ढकलली तरी ६० दिवसांत निकाल द्यायचा, असं कायदा सांगतो. सुनावणीच्या किमान १५ दिवस आधी अर्ज त्याच्यावर बजावला गेला पाहिजे. लीन खरा आहे हे सिद्ध करायची जबाबदारी त्याची. जिंकणाऱ्याला वकिलाची वाजवी फी मिळते. नोटीस वाचूनच बरेच कॉन्ट्रॅक्टर मुकाट्याने रिलीजवर, म्हणजे लीन सोडल्याच्या कागदावर, सही करतात ते यामुळे.

आदेश मिळाला की त्याची प्रमाणित प्रत रेकॉर्डरकडे नोंदवा. ते झाल्याशिवाय टायटल कंपनीला तुमचा विजय दिसणार नाही.

व्याजदराचा लॉक (नव्या कर्जाचा दर पक्का धरून ठेवण्याची मुदत) संपत आला असेल तर दुसरी वाट आहे : लीनच्या १२५ टक्के रकमेचा, म्हणजे २३,००० डॉलरचा बाँड (हमीपत्र) नोंदवायचा. घर मोकळं होतं, भांडण बाँडवर सरकतं. पण प्रीमियम तुमच्या खिशातून जातो. तुमच्या लीनची मुदत टळली असेल तर मी तरी अर्जच करीन.

आणि हो, लीन गेला म्हणजे पैशांचा वाद मिटला असं नाही. लेखी करारावर तो चार वर्षांपर्यंत वेगळा दावा लावू शकतो. तेव्हा त्या दारांचे फोटो आणि मेसेज जपून ठेवा.

पुण्याचं विमान चुकवू नका. अर्जाला आणि तुमच्या निवेदनाला नोटरी लागत नाही. ‘कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यानुसार, खोट्या साक्षीच्या शिक्षेस पात्र राहून’ या आशयाचं इंग्रजी वाक्य आणि तारीख घालून पुण्यातून केलेली सहीही चालते. सुनावणीला मात्र स्वतः तरी हजर राहा, नाहीतर वकील उभा करा.