दात शिवशिवतो तेव्हा नेमके काय मोजतात?

प्रश्न : थंड पाण्याचा घोट घेतला की माझ्या वरच्या डाव्या सुळ्याच्या मुळाशी कळ येते आणि क्षणात ओसरते. दंतवैद्यांनी तपासून कीड नसल्याचे सांगितले. हिरडी मात्र थोडी वर सरकली आहे म्हणे. दात इतका कठीण असताना थंडावा आत पोहोचतो तरी कसा?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्या प्रश्नातला ‘क्षणात’ हा शब्द महत्त्वाचा आहे. थंडावा दातातून झिरपत जाऊन आतल्या चेतातंतूंना लागत असता, तर कळ बरीच उशिरा आली असती. प्रत्यक्षात दाताच्या आतल्या भागाचे तापमान बदलण्यापूर्वीच चेतातंतू जागे होतात, असे मोजमापांतून दिसले आहे. म्हणजे उष्णतेपेक्षा वेगाने आत पोहोचणारे दुसरे काही तरी असले पाहिजे.

ते म्हणजे द्रवाची हालचाल. इनॅमलच्या, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य कवचाच्या, खाली असलेले डेंटिन भरीव नसते. दाताच्या गाभ्यातील पल्प या मऊ भागापासून बाहेरच्या दिशेने जाणाऱ्या असंख्य सूक्ष्म नलिका त्यात असतात; पल्पजवळ दर चौरस मिलिमीटरला त्यांची संख्या ४५,००० च्या वर जाते, तर बाहेरच्या बाजूला ती वीस हजारांच्या आसपास उतरते. या नलिकांत द्रव भरलेला असतो. हिरडी सरकली की मुळावरचा सिमेंटमचा पातळ थर उघडा पडून झिजतो आणि नलिकांची तोंडे मोकळी होतात. थंड पाणी लागताच आतला द्रव बाहेरच्या दिशेने सरकतो आणि नलिकांच्या आतल्या टोकाशी असलेल्या चेतातंतूंना ओढ बसते. स्वीडनमधील मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांनी या कल्पनेला भक्कम आधार दिला. तिचे बळ असे, की थंड पाणी, वाऱ्याची झुळूक, गोड पदार्थ आणि ब्रशचा स्पर्श या वरवर अगदी निरनिराळ्या गोष्टींची एकच कारणमीमांसा तिच्यातून मिळते. उष्णतेने द्रव आतल्या बाजूला सरकतो आणि त्या दिशेचा परिणाम सौम्य असतो. म्हणूनच अनेकांना गरम चहा चालतो पण माठातले पाणी सोसत नाही. (गरम पदार्थाने उठलेला ठणका बराच वेळ राहत असेल, तर मात्र पल्पला सूज आली असण्याची शक्यता असते आणि दंतवैद्यांकडे जाण्यास उशीर करू नये.)

तरीही द्रवाचा सिद्धांत हे सगळे उत्तर आहे असे मी म्हणणार नाही. डेंटिन घडवणाऱ्या ओडोंटोब्लास्ट पेशी या नलिकांच्या आतल्या तोंडाशीच बसलेल्या असतात. त्यांच्या आवरणातील टीआरपीसी-५ हे प्रथिन थंडी ओळखते, असे २०२१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवण्यात आले. लवंगेच्या तेलातील युजेनॉल या प्रथिनाला अटकाव करते, हे वाचून दातदुखीवर लवंग धरणारी आजी कोणाला आठवणार नाही?

प्रश्न : या नलिकांची ५००० पट मोठी केलेली छायाचित्रे टूथपेस्टच्या जाहिरातींत दिसतात. आमच्या महाविद्यालयातील सूक्ष्मदर्शक १००० पट मोठे दाखवतो. त्यातून हे मोजमाप का करत नाहीत? आणि इतक्या सूक्ष्म फरकाने दुखण्यात काय फरक पडणार?
— विज्ञान शाखेची एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : दुसरा भाग आधी घेतो. १९८७ मध्ये अब्सी, अ‍ॅडी आणि अ‍ॅडम्स यांनी काढलेल्या दातांची तुलना केली, तेव्हा शिवशिवणाऱ्या दातांवर उघड्या नलिका सुमारे आठपट आढळल्या आणि त्यांचा सरासरी व्यास ०.८३ मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) निघाला. न शिवशिवणाऱ्या दातांत तो ०.४३ होता. व्यासातला हा दुपटीचा फरक किरकोळ वाटतो. परंतु अरुंद नळीतून वाहणारा द्रव, प्वाझय यांच्या नियमाप्रमाणे, त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. येथे एका नलिकेमागे तो जवळजवळ चौदापट होतो आणि नलिकांची संख्याही आठपट असल्यामुळे एकूण हिशेब शंभरपटीच्या वर जातो. नलिका पूर्ण बुजली नाही, नुसती अर्ध्याने अरुंद झाली, तरी आराम का पडतो हेही यावरून समजते.

हाच चौथा घात मोजणाऱ्याला अडचणीत आणतो, कारण त्रिज्येत १० टक्के चूक झाली तर प्रवाहाच्या अंदाजात सुमारे ४६ टक्के चूक होते. आता आपल्या सूक्ष्मदर्शकाकडे पाहा. एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवले, की दृश्य प्रकाशाने सुमारे ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. भिंगे वाढवून चित्र कितीही मोठे केले तरी तपशील वाढत नाही, फक्त धूसरपणा मोठा होतो. ज्या नलिकेची रुंदीच ०.४ आहे, तिच्या कडा ०.२ इतक्या अस्पष्ट असतील, तर त्या मोजमापावर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरतात.

तेथेही सावधगिरी लागतेच. नेहमीच्या पद्धतीत नमुना निर्वात पोकळीत ठेवावा लागतो, त्यासाठी तो आधी वाळवतात आणि त्यावर सोन्यासारख्या धातूचा अतिपातळ लेप देतात. वाळताना डेंटिन आकसते. दात कापताना निघालेला भुगा नलिकांच्या तोंडांवर लिंपला जातो, तो काढण्यासाठी आम्ल वापरावे, तर आम्लाने ती तोंडेच रुंदावतात. जाहिरातीतील ‘५०००×’ या आकड्याला तर मी फारसे महत्त्व देत नाही. छापताना चित्र लहान-मोठे झाले की तो आकडा खोटा ठरतो. चित्रातच काढलेली मापरेषा मात्र चित्राबरोबर बदलते आणि खरी राहते.

प्रश्न : मग कळ किती येते, ती कशी मोजतात?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : शेजारचे दात झाकून एका दातावर साधारण एक सेकंद थंड हवेचा झोत सोडतात आणि शिफ मापनश्रेणीवर ० ते ३ गुण देतात. प्रतिसादच नसेल तर ०, प्रतिसाद दिसला पण रुग्णाने थांबवायला सांगितले नाही तर १, थांबवायला सांगितले किंवा डोके मागे घेतले तर २ आणि वेदना झाल्याचेही सांगितले तर ३. याखेरीज ठरावीक दाब देणाऱ्या टोकदार सळईने दात घासून, किती ग्रॅम दाबाला कळ येते हे पाहतात. नलिकेच्या व्यासापुढे हे आकडे फार ढोबळ आहेत. शिवाय शिवशिवण्यावरील टूथपेस्टच्या चाचण्यांत तुलनेसाठी साधी पेस्ट वापरणाऱ्या गटातही गुण बरेच उतरतात, कारण उपचार चालू आहे ही भावना, नेटके ब्रश करणे आणि लाळेतील खनिजे या तिन्हींचा हातभार लागतो. त्यामुळे ‘वापरानंतर कळ निम्म्यावर आली’ या दाव्यापुढे एकच प्रश्न विचारावा : कोणती पेस्ट कोणाला दिली हे रुग्ण आणि तपासणारा या दोघांनाही ठाऊक नसताना, साध्या पेस्टच्या गटात ती किती उतरली?