डी-थ्रीचे थेंब दोनदा पाजले गेले, आता?

लालबागची आई, बाळ तीन महिन्यांचं. सकाळी सासूबाईंनी डी-थ्रीचे, म्हणजे ड जीवनसत्त्वाचे थेंब पाजले, संध्याकाळी नवऱ्याने पुन्हा पाजले. रात्री बाळाने दूध ओकलं आणि घरात एकच घबराट: विषबाधा झाली!

अशा वेळी ‘किती थेंब दिले?’ या प्रश्नाचा उपयोग नसतो. बाटली आणि ड्रॉपर समोर हवा.

बाटलीवर छापलं होतं, 1 एमएलमध्ये 800 आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक). आधीची 400ची होती. ती दुकानात संपली म्हणून दहा दिवसांपूर्वी केमिस्टने ही दिली आणि घरात माप मात्र जुनंच राहिलं, भरून 1 एमएल. बाळाला वर्षभर रोज 400 पुरतं. सहा महिन्यांपर्यंत वरची मर्यादा 1000. म्हणजे नऊ दिवस 800 आणि एक दिवस 1600. एवढ्याने विषबाधा होत नाही. घरच्यांना सांगितलं, “उद्या देऊ नका, परवापासून अर्धा एमएल. बालरोगतज्ज्ञांना फोन करून सांगा.”

काळजीची बाटली वेगळीच होती, त्याच पिशवीत. सासऱ्यांची, आठवड्यातून एकदा घ्यायची: 5 एमएलमध्ये 60,000 आययू. तिच्यातला एक ड्रॉपर म्हणजे 12,000, बाळाचा महिन्याचा डोस! हे चुकून रोज गेलं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं. बाळ दूध नाकारतं, सारखं ओकतं, शी कडक होते. लघवी भरपूर, तरी तोंड कोरडं. मलूल होतं, वजन घटतं. कॅल्शियम मूत्रपिंडातही साचतं. डी चरबीत साठत असल्याने औषध थांबवलं तरी परिणाम आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. तेव्हा घरगुती उपाय नकोत, उलटी काढायची नाही. बाटली घेऊन थेट रुग्णालय. तिथे कॅल्शियम आणि डीची पातळी तपासतात.

“मग कोवळं ऊनही बंद करायचं का?” सासूबाईंनी विचारलं. उन्हाने डी अति होत नाही, जादा झालेलं त्वचेतच मोडतं. शिवाय दोन इमारतींच्या फटीतून येतं ते ऊन कितीसं! मल्टिव्हिटॅमिन किंवा कॅल्शियमचं सिरप चालू असेल तर मात्र त्यातलं डीही बेरजेत धरायचं.

ड्रॉपरच्या अर्ध्या खुणेवर आईने तिथेच लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. पाजेल त्याने कॅलेंडरवर फुली मारायची, असं ठरलं. सासऱ्यांची बाटली त्यांच्या बीपीच्या गोळ्यांच्या डब्यात जायची होती.