तिकीट भीतीचं, रात्र रांगेत

प्रश्न : काका, मी इंदिरानगरला राहते. भाऊबीज झाल्यावर सुट्टी शिल्लक होती, म्हणून माझी मुलगी (आठवी), भाचा (पाचवी), माझे दीर आणि मी असे चौघं मुंबईकडच्या एका मोठ्या करमणूक उद्यानात हॅलोविनच्या खास रात्रीसाठी गेलो. तिकीट माणशी २,२०० रुपये. जाहिरातीत लिहिलं होतं : भुताटकीची ५ घरं, रात्रभर बागेत फिरणारी भुतं, ९ वाजता मोठा कार्यक्रम आणि ‘वेश करून या’. मुलीनं सासूबाईंच्या जुन्या पांढऱ्या नऊवारीतून हडळीचा वेश स्वतः शिवला होता. गेटवर सांगितलं, असा पोशाख चालणार नाही. तो पिशवीत भरून गाडीत ठेवावा लागला. आत ५ पैकी २ घरं उघडी. एका घराला पावणेदोन तासांची रांग आणि आतला सगळा फेरा पाच मिनिटांत संपला. तिथंही माणसांची सलग रांगच चालली होती, पुढच्यांच्या मोबाइलचे दिवे लागलेले. मुखवटा घातलेला एक मुलगा कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता, अगदी दमलेला. ९ वाजताचा कार्यक्रम झालाच नाही. भाचा बाकावर झोपून गेला. बाहेर पडायच्या आपत्कालीन दारासमोर प्लास्टिकच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या, त्याचा फोटो दिरांनी काढलाय. पैसे परत मागता येतील का? की भीती वाटणं-न वाटणं ज्याचं त्याचं, म्हणून सोडून द्यावं? सासूबाई म्हणतात, आपल्याकडे सर्वपित्री असताना ही परकी भुतं हवीतच कशाला. आणि मुलगी म्हणते, पुढच्या सुट्टीत सोसायटीच्या हॉलमध्ये आपणच भुताचं घर करू. तिला हो म्हणू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी पैशांचं बोलतो, कारण त्याला मुदत असते.

‘भीती वाटली नाही’ ही तक्रार टिकणार नाही, ती पत्रात लिहूच नका. ‘५ घरं सांगितली, २ दिली’ ही तक्रार मात्र पक्की आहे. ‘९ वाजताचा कार्यक्रम जाहीर करून केला नाही’ हीसुद्धा. आणि ‘वेश करून या असं छापून गेटवर वेश काढायला लावला’ ही तर मला सगळ्यात जास्त लागली. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीनं आजीचं लुगडं कापून, मापं घेऊन काही शिवावं आणि ते तिला पिशवीत कोंबावं लागावं, याची भरपाई कुठला ग्राहक आयोग कशी करणार? तरी ते तक्रारीत लिहाच.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यात सेवेतली त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्हींची व्याख्या आहे, आणि तुमची हकिगत दोन्हींत बसते. तिकिटावर ‘पैसे परत मिळणार नाहीत’ असं छापलेलं असेल. त्यानं घाबरून जाऊ नका. सेवेत त्रुटी असतानाही पैसे परत करायला नकार देणं, हीच त्या कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बारीक अक्षरांत ‘काही आकर्षणं बंद असू शकतात’ असंही असेल. पण २०२२ साली केंद्र सरकारनं जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत स्पष्ट म्हटलंय की मोठ्या अक्षरांत केलेला दावा तळटीप टाकून फिरवता येत नाही.

आज रात्रीच ती जाहिरात शोधून तिचा स्क्रीनशॉट घ्या. मोसम संपला की अशी पानं निघून जातात. तिकिटं, पैसे भरल्याचा मेसेज, बंद घरांचे फोटो असतील तर तेही एकत्र ठेवा आणि उद्यानाला ईमेल करा. भाषा साधी ठेवा, १५ दिवसांत उत्तर मागा. उत्तर आलं नाही किंवा पुढच्या वेळचं सवलतीचं कूपन देऊन वाटेला लावलं, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथं पैसे लागत नाहीत आणि बरीच प्रकरणं त्या पायरीवर मिटतात. नाहीच मिटलं, तर जिल्हा ग्राहक आयोग. त्यासाठी मुंबईला खेटे घालायला नकोत. तक्रारदार जिथं राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते, म्हणजे तुम्हाला नाशिकमध्येच. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि घटनेपासून २ वर्षांची मुदत आहे. माझं मत विचाराल तर सगळे ८,८०० मागू नका. दोन घरं तुम्ही पाहिलीत, तेवढं सोडा. निम्म्याहून जास्त रक्कम मागा आणि ती का मागताय ते एकेका ओळीत लिहा. मागणी रास्त दिसली की समोरचा लवकर उत्तर देतो.

आता त्या खुर्च्या. तुमच्या पत्रात ती ओळ शेवटाकडे, जाता जाता आली आहे. मी तिथंच थांबलो.

११ मे १९८४ रोजी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका मोठ्या उद्यानात भुताटकीच्या किल्ल्याला आग लागली आणि आत अडकलेली ८ तरुण मुलं गेली. अंधार, मुद्दाम वळणावळणाची वाट, भिंतींना लावलेला पेट घेणारा फोम. जे सगळं घाबरवण्यासाठी केलं होतं, त्यानंच बाहेरची वाट हरवली. त्यानंतर तिकडं अशा घरांसाठी वेगळे नियम आले : पाण्याचे फवारे हवेत, आणि धूर जाणवताक्षणी आतले आवाज बंद होऊन दिवे लागले पाहिजेत. आपल्याकडे राजकोटच्या गेम झोनची मे २०२४ मधली आग अजून कुणी विसरलेलं नाही. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा आहे. त्याप्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला मालकानं दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. पण दाखला जुलैतला आणि खुर्च्या ऑक्टोबरातल्या. म्हणून दिरांचा तो फोटो पैशांच्या तक्रारीत घालू नका. वेगळं पत्र लिहून, तारीख-वेळ टाकून, त्या भागाच्या अग्निशमन विभागाला पाठवा. पैसे परत मिळाले तरी हे पत्र मागे घेऊ नका.

‘भीती ज्याची त्याची’ हे मात्र मला पटत नाही. मी अनेक वर्षं हौशी नाटकांना प्रकाशयोजना केली, कालिदास कलामंदिरात आणि साईखेडकर नाट्यगृहात. एका नाटकात गेलेली आत्या माजघराच्या दारात दिसते असा प्रसंग होता. तालमीत आम्ही निळा झोत टाकला, ढगांचा गडगडाट वाजवला, कुणाला काही वाटलं नाही. मग दिग्दर्शकानं गडगडाट काढला. आत्या यायच्या आधी डावीकडे स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज ठेवला, प्रेक्षकांच्या माना तिकडं वळल्या आणि मी उजवीकडचा दिवा डिमरवर हळूहळू, जाणवणारही नाही असा चढवला. लोक परत वळले तेव्हा आत्या उभी होतीच. प्रयोगाला तिसऱ्या रांगेतून एक बाई ‘अगं आई’ म्हणाल्या, त्या सगळ्या नाट्यगृहाला ऐकू आल्या.

याचा अर्थ, भीती बेतून करता येते. तिला तीन गोष्टी लागतात : नजर दुसरीकडे नेणारं काहीतरी, अचूक वेळ, आणि घाबरवणाऱ्या माणसाला पुन्हा लपायला सवड. हॅलोविनच्या रात्रींचा धंदा ज्यांनी उभा केला त्यांना हे ठाऊक होतं. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्मनं १९७३ मध्ये असा कार्यक्रम सुरू केला, फ्लोरिडातल्या युनिव्हर्सल स्टुडिओनं १९९१ मध्ये. डिस्नेलँडचा भुतांचा वाडा १९६९ चा. त्यात नाचणारी पारदर्शक भुतं दिसतात ती मोठ्या काचेतली प्रतिबिंबं आहेत. खरी आकृती प्रेक्षकांना दिसणार नाही अशा जागी ठेवून तिच्यावर उजेड टाकायचा, की काचेत तिची पारदर्शक छबी उमटते. ही युक्ती लंडनमध्ये १८६२ साली जॉन हेन्री पेपर यांनी लोकांना दाखवली होती आणि आजही तेवढीच चालते. त्यात महाग असं काही नाही.

मग तुम्ही पाहिलेल्या भुताच्या घरात काय बिघडलं? रांग बिघडली. भुताच्या घरात सहा-आठ जणांचा घोळका सोडायचा, मध्ये पुरेसं अंतर ठेवायचं, मग पुढचा. अंतर असलं की प्रत्येक घोळक्याला वाटतं आपण एकटेच आहोत. माणसं सलग सोडली की भूत एकदाच उडी मारतं, पहिल्या दोघांना दचकवतं आणि मागच्या तीसजणांना ते कुठून येतं हे आधीच दिसलेलं असतं. तो कोपऱ्यातला मुलगा आळशी नव्हता, ताई. त्याला लपायला वेळच मिळत नव्हता. तासाला किती लोकांना नीट घाबरवता येईल याचा आकडा काढता येतो. तिकिटं त्या आकड्याच्या आत विकायची असतात. त्यातून तीन घरं बंद, म्हणजे पाच घरांची गर्दी दोन दारांवर आली. मोबाइलचे दिवे हा दुसरा घात. डोळे अंधाराला सरावायला कित्येक मिनिटं लागतात आणि एका झगझगीत पडद्यानं ती सगळी मेहनत जाते. दारातच मोबाइल खिशात ठेवायला लावणारा एक खमका माणूस हवा होता. तो ठेवला नाही, कारण त्याचा पगार द्यावा लागला असता. भीती ही माणसं माणसांसाठी करतात. उद्यानानं सांगाडे, कापडी कोळिष्टकं आणि भोपळे विकत आणले आणि माणसांवर हात आखडला, म्हणून तुमची मुलगी रिकाम्या हातानं परतली.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. सर्वपित्री ही आपल्या माणसांची आठवण आहे. तिच्यात आणि या खेळात मला तरी भांडण दिसत नाही. मुलीनं वेश निवडला तो हडळीचा, आणि कापड निवडलं आजीचं. तिला घरचंच भूत हवं होतं. जमलं तर होळीनंतर, चैत्र-वैशाखाच्या सुमारास, पेठ-सुरगाणा-त्र्यंबकच्या आदिवासी पट्ट्यात किंवा पलीकडं जव्हार-मोखाड्याकडं बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून नाचणाऱ्या सोंगांचा उत्सव असतो, तो तिला दाखवा. संबळ आणि सनई वाजत असते, टेंभ्यांच्या उजेडात एकेक सोंग गावातून नाचत येतं. गणपती येतो, रावण येतो, त्राटिका येते, आणि उजाडेपर्यंत हे चालतं. त्या मुखवट्यांना गाव देव मानतं, म्हणून कुणीतरी ओळखीचं घेऊन जा, फोटोआधी विचारा, आणि मागं उभं राहून बघा. एक सोंग संपलं की दुसरं यायला वेळ जातो. त्या वेळात अंधाराकडे बघत बसावं लागतं. जे उद्यानात नव्हतं ते तिला तिथं कळेल.

आणि सोसायटीचं घर? हो म्हणा, लगेच म्हणा. तिच्यासाठी थोडं लिहितो, पत्र तिलाच वाचायला द्या.

बेटा, हॉलला दोन दारं असतील तरच कर. एक आत जायचं, एक बाहेर पडायचं, आणि दोन्हींसमोर काही ठेवायचं नाही. पणती, मेणबत्ती, धूप काहीच नको, तळघरातलं पार्किंगही नको. भिंती पत्र्याच्या स्टँडवर जाड चादरी टांगून कर, पण जमिनीपासून वीतभर वर, म्हणजे पायात येणार नाहीत. दिव्याच्या बटनापाशी एक मोठं माणूस पूर्ण वेळ उभं राहील, त्यानं दुसरं काहीही करायचं नाही. तुझे काका तयार असतील तर तेच, खुर्च्या त्यांच्याच नजरेला पडल्या होत्या. आत चौघंच सोड. दोनच जागी घाबरव, पाच जागी नको. पहिल्या जागी नुसता आवाज : पितळी पातेल्यात वाटाणे फिरवलेस तरी अंगावर काटा येईल. सगळे तिकडं बघतील तेव्हा तू दुसऱ्या बाजूला उभी राहा, तुझा तो पांढरा वेश घालून. उडी मारू नकोस, ओरडू नकोस. टॉर्चला निळा जिलेटिन कागद लाव, मेन रोडला स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, आणि तो खालून तोंडावर न धरता बाजूनं, तुझ्या पदरावर पडू दे. चेहरा अंधारात ठेव. बघणारे तो स्वतःच पुरा करतात. लुकलुकणारे दिवे लावू नकोस, त्यांनी काही मुलांना फिट येऊ शकते. पाचवीच्या खालच्यांसाठी एक फेरी दिवे लावून कर आणि भावाला त्या फेरीचा वाटाड्या कर. उद्यानात झोपला होता ना, इथं त्याला काम दे.

ताई, ईमेल या आठवड्यातच जाऊ द्या. अग्निशमन विभागाचं पत्र त्याच्याही आधी.